विद्यार्थ्यांचा प्रयोग आणि त्यामागील अभ्यास : राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या निमित्ताने

नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थेतील विद्यार्थ्याची गुणवत्ता लोकांसमोर येते ती मुख्यत्वे प्रयोगातून. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची ख्यातीही विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवरच उभी राहिली. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या अंतर्गत स्थापन झालेली ही संस्था १९७५ मध्ये स्वायत्त झाली. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात तिचे संचालक होते. १९६३ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत सादर केले. विद्यार्थ्यांचे काम वर्गाबाहेर, जाणत्या प्रेक्षकांसमोर, पूर्ण शिस्तीने मांडावे याचा तो वस्तुपाठच होय.

तथापि या प्रयोगाची चर्चा करताना आपण दिग्दर्शकाविषयी आणि त्या स्थळाविषयी बोलतो. उघड्या जागेत पद्यसंवाद शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवावेत, पडक्या भिंतींच्या पार्श्वभूमीवर समूहाच्या हालचाली कशा बांधाव्यात, हे प्रश्न विद्यार्थी-नटांनी तालमीत कसे हाताळले असतील, हे छायाचित्रांवरून कळत नाही. वस्तुतः विद्यालयाच्या दृष्टीने शिक्षण घडले ते तिथेच.

विद्यालयाने १९६४ मध्ये स्वतःचे रंगमंडळ सुरू केले. रंगमंडळाचे नाटक प्रेक्षकाने निष्पत्तीवरून जोखावे, हे रास्तच आहे. विद्यार्थ्याच्या प्रयोगाला मात्र तोच निकष लावणे अन्यायाचे ठरते. त्याने संहितेचा कोणता अर्थ लावला, कोणते पर्याय तपासून टाकून दिले, प्रकाशयोजना का बदलली, याची नोंद असलेली दिग्दर्शनाची वही हाही त्याच्या कृतीचाच भाग आहे.

महाराष्ट्रातही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७) आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स (२००३) यांमुळे नाट्यशिक्षणाला विद्यापीठीय अधिष्ठान लाभले. विद्यापीठीय म्हटले की लेखन आणि चिकित्सा आलीच. परंतु सर्वसाधारण अनुभव असा, की प्रयोग प्रेक्षकांना दिसतो आणि प्रकल्पलेखन परीक्षकाच्या टेबलावरून कपाटात जाते. (कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय व्हावा!)

प्रयोग हेच संशोधन, त्याला लेखी पुराव्याची गरज नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. नटाला शरीराने उमगलेले सारेच शब्दांत उतरत नाही. पण प्रयोग एका रात्रीत संपतो आणि पुढच्या तुकडीला तोच प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. म्हणून विद्यार्थी-महोत्सवात नाट्यगृहाच्या दालनातच नेपथ्याचे आराखडे, तालमीच्या नोंदी आणि टाकून दिलेले मसुदे मांडावेत आणि प्रयोगानंतर विद्यार्थ्याने प्रश्नांना उत्तरे द्यावीत. याला फारसा खर्च नाही. अध्यापकांचा वेळ मात्र लागेल.

मूल्यमापनाचा प्रश्न अधिक अवघड आहे. फसलेल्या प्रयोगामागची वही कित्येकदा यशस्वी प्रयोगामागच्या वहीपेक्षा सरस असते. तिला स्वतंत्र गुण देण्याची सोय नसेल, तर तोच विद्यार्थी पुढच्या वर्षी हुकमी टाळ्यांचे नाटक निवडील.