वर्णन, आज्ञा आणि कारण : लिनक्सच्या कर्नेल-विन्यासाची चिकित्सा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो एखाद्या विशिष्ट यंत्रास अनुरूप करून घेणे हे आजवर केवळ तंत्रज्ञाचे काम मानले गेले आहे. परंतु हे काम ज्या साधनांनी घडते ती साधने लिखित संहिताच होत. त्या एकाने लिहिलेल्या असतात, दुसरा त्या वाचतो, तिसरा त्यांची प्रत करून तीत फेरफार करतो. तेव्हा अशा संहिता वाचकास काय सांगतात आणि त्याच्यापासून काय लपवितात, हा प्रश्न चिकित्सेच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नेल आणि एआरएम जातीचे प्रक्रियक, त्यांतही रास्पबेरी पाय हे छोटे संगणक, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित केला आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. लिनक्सचा जन्म १९९१ साली इंटेलच्या ३८६ प्रक्रियकावर चालणाऱ्या वैयक्तिक संगणकावर झाला. या जातीच्या संगणकात यंत्रातील पुष्कळसे भाग आपली ओळख आपणच देतात; कर्नेलने विचारावे आणि त्यांनी उत्तर द्यावे, अशी सोय तेथे आहे. एआरएमच्या बाबतीत तसे नाही. तेथे प्रक्रियकाच्या एकाच चकतीवर अनेक उपांगे बसविलेली असतात आणि ती कोठे आहेत हे विचारून कळत नाही. ते आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून प्रत्येक फलकासाठी कर्नेलमध्ये एक स्वतंत्र आज्ञावली लिहिली जाई. आरंभक आज्ञावली यंत्राचा एक क्रमांक कर्नेलच्या हाती देई व त्यावरून कर्नेल आपली ती फलक-संचिका निवडी. फलक वाढले तशा या संचिकाही वाढल्या आणि त्यांतील बराच मजकूर एकमेकांची किंचित बदललेली नक्कल होता. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या अव्यवस्थेविरुद्ध तीव्र शब्दांत तक्रार केली, आणि तेथून सुधारणेस वेग आला.

ही सुधारणा म्हणजे डिव्हाइस ट्री. तिची कल्पना नवी नव्हती. १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात ती होती आणि सन व ॲपल यांच्या यंत्रांत वापरलीही गेली होती. तिचे तत्त्व असे की, यंत्रात काय आहे याचे वर्णन आज्ञावलीतून बाहेर काढावे, ते एका वेगळ्या संहितेत मांडावे, आणि कर्नेलने आरंभी ती वाचावी. या तत्त्वाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये उपांगांचा प्रदेश षोडशमान पद्धतीने २००००००० या पत्त्यापासून सुरू होतो. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तोच प्रदेश ३एफ०००००० येथे गेला, आणि २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत एफई०००००० येथे. क्रमिक संदेशवहनाचे उपांग प्रत्येक वेळी या आरंभापासून २०१००० इतक्याच अंतरावर आहे. म्हणजे घर तेच, खोलीही तीच. बदलला तो केवळ गाव. फाउंडेशनच्या स्वतःच्या कर्नेलमध्ये एके काळी याच कारणास्तव जवळजवळ सारखी अशी दोन दालने शेजारी शेजारी नांदत होती. डिव्हाइस ट्रीमध्ये मात्र उपांगाचा पत्ता यंत्राच्या अंतर्गत वाहिनीच्या हिशेबाने एकदाच, ७ई२०१००० असा, लिहिला जातो आणि प्रक्रियकाच्या दृष्टीने तो कोठे दिसतो हे एका निराळ्या ओळीत सांगितले जाते. आवृत्ती बदलली की तेवढी ओळ बदलते. डिसेंबर २०१२ मधील लिनक्स ३.७ पासून एकाच कर्नेलने अनेक एआरएम मंचांवर चालावे हे शक्य झाले, त्याचा पाया हाच.

आज्ञेच्या जागी वर्णन आले, ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि हे वर्णन सर्वस्वी तटस्थ आहे असे मानणे चुकीचे ठरेल. सिद्धान्ततः डिव्हाइस ट्री ही यंत्राविषयी बोलते, कार्यप्रणालीविषयी नव्हे. प्रत्यक्षात तीत एक शाखा अशी आहे की जिच्यातून कर्नेलला आरंभीच्या सूचना दिल्या जातात. ती यंत्राचे वर्णन नव्हे. शिवाय या संहिता बहुशः लिनक्सच्या भांडारातच वाढतात आणि त्याच्या गरजांनी त्यांना आकार येतो. साक्षीदार वादीच्याच घरी राहत असेल तर त्याची साक्ष खोटी ठरत नाही, पण ती तपासून घ्यावी लागते.

तरीही सर्व काही वर्णनावर सोपविता येत नाही. कोणत्या आज्ञासंचासाठी कर्नेल बांधावयाचा, कोणते चालक आत घ्यावयाचे, हे बांधणीपूर्वीच ठरवावे लागते. पहिल्या पायचा प्रक्रियक एआरएमच्या सहाव्या पिढीचा व दुसऱ्याचा सातव्या पिढीचा असल्यामुळे त्यांच्यासाठी आजही वेगळे विन्यास पुरविले जातात. या निवडीची भाषा म्हणजे केकॉन्फिग. रोमन झिपेल यांनी रचलेली ही भाषा २००२ साली कर्नेलमध्ये स्वीकारली गेली. आज तीत दहा हजारांहून अधिक विकल्प आहेत. पुष्कळशा विकल्पांस तीन उत्तरे संभवतात : आत घ्या, सुटा खंड म्हणून ठेवा, किंवा वगळा. कोणता विकल्प कोणावर अवलंबून आहे हे ही भाषा नेमकेपणाने सांगते, आणि ते तिचे मोठे बळ आहे. परंतु विकल्पासोबत जो साह्यपर मजकूर असतो, त्याची अखेर वारंवार अशा उपदेशाने होते की, शंका असल्यास नाही म्हणावे. सर्वसामान्य वापरणाऱ्यास हा उपदेश पुरेल. एका विशिष्ट फलकासाठी कर्नेल सिद्ध करणाऱ्याचे काम मात्र त्या शंकेचे निरसन हेच असते, आणि नेमक्या तेथेच मजकूर मौन धरतो.

हे मौन डिफकॉन्फिग नामक संचिकेत अधिकच गडद होते. एखाद्या मंचासाठी ठरविलेल्या निवडींची ही यादी. २०१० पासून ती संक्षिप्त रूपात ठेवण्याची पद्धत रूढ झाली : मूळ गृहीताहून जे वेगळे असेल तेवढेच लिहावयाचे. या संक्षेपाने संचिका वाचनीय झाल्या हे खरे. पण त्याचे दोन परिणाम ध्यानी घेतले पाहिजेत. पहिला असा की, न लिहिलेल्या भागाचा अर्थ बाहेरच्या गृहीतावर अवलंबून राहतो. पुढील आवृत्तीत गृहीत बदलले, तर एक अक्षरही न बदललेल्या संचिकेतून निराळा कर्नेल निघतो. दुसरा परिणाम असा की, विकल्पाचे नावच बदलले असेल तर जुनी ओळ साधारणतः मूकपणे गळून जाते.

याहून विलक्षण गोष्ट नकाराच्या लेखनाची आहे. एखादा विकल्प वगळला आहे हे ज्या ओळीत सांगितले जाते, त्या ओळीचा आरंभ टीपेच्या चिन्हाने होतो. इतरत्र या चिन्हाचा अर्थ, पुढील मजकूर यंत्रासाठी नाही, असा असतो. येथे तोच मजकूर यंत्र वाचते व पाळते. मूळ गृहीत होकाराचे असता एखाद्याने टीप समजून ही ओळ पुसली, तर नकाराचा होकार होतो. आणि जी खरी टीप एखाद्या सावध लेखकाने लिहून ठेवली असेल, ती संक्षिप्त संचिका पुन्हा निर्माण होताना नाहीशी होते. टीपेसारखा दिसणारा निर्णय टिकतो. निर्णयाचे कारण सांगणारी टीप टिकत नाही. या विन्यासपद्धतीचा मुख्य दोष आमच्या मते हाच आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, कारणे नष्ट होत नाहीत. प्रत्येक बदलासोबत त्याचे निवेदन भांडाराच्या इतिहासात नोंदले जाते. मूळ भांडारात राहणाऱ्यापुरता हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु विन्यासाची संचिका ही नकलेने पसरणारी वस्तू आहे. कारखान्यातील नियंत्रक असो वा प्रयोगशाळेतील मापक, त्याचा निर्माता कोणाची तरी संचिका उचलतो आणि कामापुरती बदलतो. इतिहास त्या नकलेबरोबर प्रवास करीत नाही. दहा वर्षांनी सुरक्षेसाठी कर्नेल बदलण्याची वेळ येते, तेव्हा उत्तराधिकाऱ्याच्या हाती निर्णयांची एक लांबलचक यादी असते. त्यांतील कोणता यंत्राच्या दोषापायी घेतला आणि कोणता केवळ सवयीने, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. मग तो काहीच बदलण्यास धजत नाही, आणि जुना, सदोष कर्नेल तसाच चालू राहतो.

यावरील उपाय आहे त्या साधनांतही सापडण्याजोगा आहे. कर्नेलसोबत विन्यासाचे लहान तुकडे एकत्र करणारी एक आज्ञावली येते. मंचाचा विन्यास अशा तुकड्यांत, प्रत्येक निवडीवर कारणाची एक ओळ देऊन, हाताने राखावा; यंत्रनिर्मित पूर्ण संचिका त्याच्या शेजारी ठेवावी, पण तिलाच मूळ मानू नये. चालू कर्नेलच्या पोटात त्याचा विन्यास साठविण्याची सोयही आहे व ती वापरावी. मात्र तीतून मिळतो तो निर्णय, कारण नव्हे. डिव्हाइस ट्रीने यंत्राचे वर्णन आज्ञेपासून वेगळे केले. निवडीचे कारण निवडीशी जोडणे हे काम कर्नेलच्या मूळ साधनांनी अद्याप पत्करलेले नाही. तोवर ते विन्यास लिहिणाऱ्यानेच केले पाहिजे.