पाठीवरचे बिऱ्हाड आणि ‘आम्ही’

मराठी प्रवासवर्णनाला चांगले दिवस आले आहेत असे दर दिवाळीला कोणी ना कोणी म्हणतो, आणि अंक चाळताना ते पटावेसेही वाटते. एके काळी परदेशगमन ही विद्वानांची, पुढाऱ्यांची किंवा नशीबवानांची गोष्ट होती. आज निगडी, आकुर्डी, चिंचवड, मोशी, चाकण या पट्ट्यात कोणत्याही गृहसंस्थेत जा, कारखान्याच्या कामानिमित्त जर्मनीत वर्ष-सहा महिने काढून आलेले एखादे बिऱ्हाड सापडतेच. माणसे गेली, तसे लेखही आले. गृहसंस्थांच्या, कंपन्यांच्या, मित्रमंडळांच्या अंकांतून ते छापले जातात, आणि मी ते आवडीने वाचते. त्यांतल्या एका नव्या प्रकाराविषयी मला येथे लिहावयाचे आहे. हा प्रकार म्हणजे नवरा-बायकोने मोटारघर भाड्याने घेऊन एखाद्या थंड देशात केलेल्या भ्रमंतीचे वर्णन.

हे वाहन आमच्या पट्ट्याला परके वाटण्याचे कारण नाही. १९५८ साली फिरोदियांनी हॅम्बर्गच्या एका कंपनीशी हातमिळवणी करून ‘बजाज टेम्पो’ काढली. तिच्या तीनचाकी गाडीने मराठीला ‘टेम्पो’ हे सामान्यनामच देऊन टाकले. त्याच कंपनीची ‘ट्रॅव्हलर’ गाडी घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून देणारे कारागीर आज आपल्याकडे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. चाकणजवळ २००९ पासून ज्या जर्मन कंपनीचा कारखाना चालतो, तिच्याच फोक्सवॅगन गाडीला पोटात घर घालून १९५० नंतरच्या दशकात युरोपने प्रवासाला नेले होते. तेव्हा यंत्राची माहिती आमच्या लेखकांना चांगली असते. लेखांतला तो भाग बहुधा उत्तमच उतरतो.

या लेखांची घडण एव्हाना ठरून गेली आहे. इन्व्हरनेसहून निघून स्कॉटलंडचा उत्तर किनारा धरीत पुन्हा इन्व्हरनेसलाच येणारा सुमारे ८३० किलोमीटरचा रस्ता २०१५ साली ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्यावरून तरी हे दांपत्य जाते, किंवा नॉर्वेच्या खाड्यांकाठी, नाही तर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. पहिल्या पानावर गाडीची लांबी, रुंदी आणि भाडे येते. मग एकेरी रस्ता, समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जागोजाग रुंदावलेले त्याचे तुकडे, मेंढ्या, धुके, पाऊस. शेवटी निसर्गाच्या कुशीत मिळालेली शांती. यात खोटे काही नसते. तरीही चार लेख वाचले की पाचवा न वाचताच कळतो. असे का व्हावे?

माझ्या मते याचे उत्तर व्याकरणात आहे. या लेखांतला एक उतारा डोळ्यांपुढे आणा: सकाळी चहा झाला, नाश्ता आटोपला, भांडी घासून झाली, आणि आम्ही निघालो. मराठी भाषेची ही मोठी सोय आहे. तिच्यात चहा ‘होतो’, स्वयंपाक ‘आटोपतो’, अंथरुणे ‘घातली जातात’. करणाराचे नाव घ्यावे लागत नाही. आणि एकट्याने लिहिताना ‘मी निघालो’ की ‘मी निघाले’ हे क्रियापदालाच सांगावे लागते, पण ‘आम्ही निघालो’ म्हटले की तेही झाकले जाते. ‘आम्ही’ बसलो, ‘आम्ही’ पाहिले, आणि चहा मात्र आपोआप झाला! हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाने असे लिहिले तर चालण्यासारखे आहे, कारण तिथे चहा खरोखरच दुसऱ्या कोणी तरी केलेला असतो. मोटारघरात दोनच माणसे असतात.

आणि तेथे करावयाचे काम थोडे नसते. बाहेर पाच-सहा अंश थंडी, आत शेगडीवर भात. खिडकी उघडावी तर ऊब जाते, बंद ठेवावी तर वाफेचे पाणी होऊन काचेवरून ओघळते आणि उशीपर्यंत पोचते. फोडणी द्यावी तर तिचा वास पांघरुणात आठवडाभर मुक्कामाला राहतो. ताजे पाणी एका टाकीत भरावयाचे, सांडपाणी दुसरीत साठवावयाचे आणि नेमल्या जागीच सोडावयाचे. संडासाची पेटी एक-दोन दिवसांआड बाहेर ओढून रिकामी करावयाची. न्यूझीलंडने तर मोकळ्या जागी मुक्काम करणाऱ्यांसाठी २०११ साली कायदाच केला, आणि २०२३ मध्ये तो कडक करून अशा गाडीत पक्का बसविलेला संडास असला पाहिजे असे ठरविले. ज्या गोष्टीची दखल तिथल्या संसदेने घेतली, तिची दखल आमच्या लेखकाने घेऊ नये, हे जरा चमत्कारिक वाटते. ती पेटी कोणी उचलली, या एका प्रश्नाचे उत्तर दिले असते तर लेखातली दोन्ही माणसे जिवंत झाली असती.

घरातल्या बाईच्या दृष्टीने प्रवासाचा अर्थच मुळी वेगळा असतो. वर्षातून आठ दिवस ओट्यापुढे उभे राहावे लागत नाही, ही तिची सुटी. मोटारघराने ओटाच बरोबर घेतला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण मोकळेपणाचे कौतुक म्हणून वापरतो. पण पाठ कोणाची, हे विचारीत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दोन-अडीच हात रुंदीच्या त्या वाटेत नवऱ्यालाही स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसायला दिवाणखाना नसतो. तो कधी नव्हे तो कणकेच्या हातांजवळ बसलेला असतो. तिथे काही तरी घडत असले पाहिजे. एखादा माणूस पन्नाशीत पहिल्यांदा भात लावायला शिकत असेल. एखादी बाई उलट्या बाजूच्या रस्त्यावर पहिल्यांदा एवढी लांब गाडी हाकीत असेल. हा खरा प्रवास. तो लेखात येत नाही.

आपल्या वाङ्मयात हा विषय नाही असे मात्र नाही. तो दोन निरनिराळ्या फळ्यांवर ठेवलेला आहे, एवढेच. एका फळीवर प्रवासवर्णने आहेत: अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’. दुसऱ्या फळीवर स्त्रियांची आत्मचरित्रे आहेत. रमाबाई रानड्यांनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्ती सरकारी कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरतीवर असत आणि रमाबाई त्यांच्याबरोबर असत. आज या गावी बिऱ्हाड मांडावयाचे, उद्या मोडावयाचे. चाकांवर चाललेल्या संसाराचे इतके जुने आणि इतके प्रांजळ चित्र आपल्याकडे असताना त्याला प्रवासवर्णन म्हणावे असे कोणाला सुचले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी आली. टिळकांच्या पायाला भिंगरी होती. त्यांच्यामागे घर मांडताना आणि मोडताना लक्ष्मीबाईंनी जे पाहिले, ते पाहणारी नजर किती प्रवासवर्णनकारांना लाभली आहे? तीही आत्मचरित्रातच जमा.

‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आली. त्या प्रवासात सुनीताबाई बरोबर होत्या आणि पुस्तकात त्या दिसतातही. पु. लं.नी स्वतःची फजिती मांडून हसविले, बायकोची नव्हे, हे त्यांच्या विनोदाचे थोर सौजन्य. पण प्रवासाचा सूर एकाचाच राहिला. सहजीवनाविषयी सुनीताबाईंचा स्वतःचा शब्द ऐकायला वाचकाला ‘आहे मनोहर तरी’ येईपर्यंत, म्हणजे १९९० पर्यंत, तीस वर्षे थांबावे लागले. पुढे मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’पासून बाईच्या नजरेने जग पाहणारी भरघोस प्रवासवर्णने लिहिली आणि ती फळी कायमची बदलली. तरीही दोघांचा प्रवास दोघांच्या तोंडून, हे पुस्तक अजून यावयाचे आहे. मोटारघराच्या लेखांकडून माझी अपेक्षा होती ती हीच.

येथे आणखी एका प्रवासाची आठवण होते. दिवाळी सरली की बीडकडची जोडपी ट्रॅक्टरच्या मागे, बैलगाड्यांतून, भांडी, अंथरुणे आणि पोरे घेऊन ऊसतोडणीला निघतात. ऐन थंडीत सहा-सहा महिने त्यांचे बिऱ्हाड असे पाठीवर असते. मुकादमाच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल त्या एका कोयत्याची. स्कॉटलंडच्या सहलीशी या कष्टांची तुलना करण्याचा विचारही मनाला शिवू नये. पण दोन माणसांचे काम एका शब्दात घालून मोजले की त्यांतले एक दिसेनासे होते, ही गोष्ट ‘कोयता’ या शब्दाने फार स्पष्ट दाखविली आहे. पहाटे उठून भाकरी थापणारी बाई त्या हिशेबात कुठेच नसते. ‘आम्ही’ हा शब्द गोड आहे, त्यामुळे तेच काम तो कोणाच्या लक्षात न येता करतो.

कोणी म्हणेल, सणासुदीचे हलकेफुलके लेख, त्यांना एवढे कशाला तासायचे? माझे म्हणणे असे की याच लेखांतून साधी माणसे लिहायला शिकतात, आणि घरातली मुले आई-बापांना कागदावर प्रथम याच लेखांतून भेटतात. पुढे कधी मुलीने तो जुना अंक काढला, तर तिला धुके आणि मेंढ्या तिथे मिळतील. आईने त्या दिवसांत काय केले, तिला काय वाटले, ती कशाला हसली, हे मिळणार नाही. छायाचित्रांतही ती बहुधा नसते, कारण ती आत चहा करीत असते. नाही तर कॅमेरा तिच्याच हातात असतो.

म्हणून पुढल्या वर्षी जे कोणी असा प्रवास करून येतील त्यांना माझी एकच विनंती आहे. एक दिवस त्याने लिहावा, दुसरा तिने. दोघांचे पटले नाही तिथे ते तसेच राहू द्यावे, संपादकाने जुळवू नये. गाडीची लांबी जरूर द्यावी. आणि जिथे ‘चहा झाला’ असे लेखणीवर येईल, तिथे क्षणभर थांबून तो कोणी केला ते लिहावे.