मंडळ परत आणाल, पण मोजणार काय?

प्रादेशिक असमतोलावर पीएचडीचा प्रस्ताव लिहायला घेतला की एक वाक्य हमखास येतं: विकास मंडळांचं पुनरुज्जीवन ही काळाची गरज आहे. तुमच्याही कच्च्या मसुद्यात ते असेल. आधी ते खोडा. कारण हा निष्कर्ष आहे, प्रश्न नाही. आणि सातारा-सांगलीतून पाहिलं तर हा निष्कर्ष वाटतो तितका सरळही नाही.

थोडी पार्श्वभूमी. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं स्थापन करता येतात. निधीचं समन्यायी वाटप व्हावं, ही राज्यपालांची विशेष जबाबदारी ठरते आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेत मांडावा लागतो. ही मंडळं १९९४ मध्ये आली, वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा गठित करायचं ठरवलं; पण त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. सातारा आणि सांगली या रचनेत 'उर्वरित महाराष्ट्रा'त मोडतात. 'उर्वरित' हा शब्द लक्षात ठेवा.

पहिला आक्षेप एककाचा. अनुशेष मोजायची आपली पद्धत वि. म. दांडेकर समितीने घालून दिली. १९८३ ची समिती, १९८४ चा अहवाल. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. एकूण आकडा निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात उर्वरित महाराष्ट्राचा वाटा १,१८९.३८ कोटी. राज्यभर तुलना करायला जिल्हा सोयीचा होता, हे मान्य. पण सातारा जिल्ह्याची सरासरी म्हणजे नेमकं काय? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीत एकीकडे वाळव्याचा ऊस, दुसरीकडे जत-आटपाडीचे टँकर. दोन्ही एकाच बेरजेत घातले की जत दिसेनासा होतो. सरासरीवरून तिच्या आतल्या प्रत्येकाबद्दल बोलायचं नसतं, हे संशोधन पद्धतीच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. इथे तर अख्खं निधीवाटप त्या सरासरीवर उभं राहिलं.

दुसरा आक्षेप शांततेच्या दाव्याचा. मंडळं असली की प्रदेशांमधली कटुता कमी होते, असं म्हटलं जातं. जत तालुक्यावर हा दावा तपासून बघा. सीमेलगतच्या, कन्नड बोलणाऱ्यांची संख्या मोठी असलेल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी या ठरावांचा उल्लेख केला आणि वाद पेटला. मंडळ बंद असताना हे घडलं, म्हणजे मंडळ नसल्यामुळे घडलं, असं लिहायचा मोह होईल. जरा थांबा. देवेंद्र फडणवीस यांनी तेव्हाच सांगितलं होतं की ठराव २०१२ चे आहेत. २०१२ मध्ये तर मंडळ जिवंत होतं! म्हणजे मंडळ असूनही नाराजी सीमेपर्यंत पोचली होती. याने मंडळ निरुपयोगी ठरत नाही, पण नुसतं अस्तित्व पुरेसं नाही एवढं नक्की ठरतं.

अजून एक. मागणीची बातमी येत नाही म्हणजे लोक समाधानी आहेत, असं धरू नका. गप्प बसणं आणि सलोखा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती मोजताय ते प्रस्तावातच लिहा.

तिसरा आक्षेप श्रेयाचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना दुष्काळी पट्ट्यात पाणी आणतात. त्यांना नव्वदच्या दशकात वेग आला, मंडळही त्याच दशकातलं. मग मंडळामुळेच का? त्याच काळात आणखी दोन गोष्टी चालू होत्या. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी पाणी मे २००० पर्यंत अडवायची घाई होती. त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं आणि कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला. दुसरीकडे नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली आटपाडी आणि भोवतालच्या तालुक्यांत पाणी परिषदा भरत होत्या, समन्यायी वाटपाची मागणी होत होती. ही दोन कारणं बाजूला सारल्याशिवाय मंडळाला श्रेय देता येणार नाही.

उलट, अनुशेषाच्या हिशोबावर राज्यपालांनी सिंचन निधीचं जे सूत्र ठरवलं, त्यामुळे आमच्या योजनांचा पैसा अडतो, अशी इथल्या लोकप्रतिनिधींची जुनी तक्रार आहे. विदर्भ-मराठवाड्याचा हक्क खराच आहे; तो नाकारायचं कारण नाही. पण माण आणि जतचा शेतकरी कागदावर 'पुढारलेल्या पश्चिम महाराष्ट्रा'तला ठरतो आणि रांगेत मागे जातो. असमतोल दूर करणाऱ्या यंत्रणेतूनच आतला असमतोल झाकला जातो, तो असा.

मग मंडळ नको का? माझं मत: हवं, पण जुनंच झाडून-पुसून नको. घटनेने प्रदेश तीन सांगितले आहेत; त्या प्रदेशाच्या आत तालुकानिहाय मोजायला तिने मनाई केलेली नाही. तूट तालुक्याची मोजा, प्रवासात अर्ध्यावर थांबलेलं पाणी मोजा आणि वार्षिक अहवालावर सभागृहात खरंच चर्चा होऊ द्या. एवढं नसेल तर पुनरुज्जीवन म्हणजे एक कार्यालय, एक अध्यक्ष आणि एक गाडी.

आता तुमचं काम. खोडलेल्या वाक्याच्या जागी हा प्रश्न लिहा: १९९४ ते २०२० या काळात जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांबद्दल मंडळाने काय नोंदवलं, त्यातलं काय निधीत उतरलं आणि काय उतरलं नाही? त्याला जोड म्हणून दुष्काळीच पण दुसऱ्या मंडळातला एखादा तालुका घ्या, म्हणजे तुलना होईल. उत्तर मंडळाच्या बाजूने आलं तरी चालेल, विरोधात आलं तरी चालेल. ते तालुक्याच्या नोंदींतून आलेलं असावं, एवढंच बघा.