अलिखित करार आणि ‘झहराची कथा’

लेबनॉनमधील यादवीची मीमांसा बहुधा १९४३ च्या राष्ट्रीय करारापासून आरंभ होते. हा करार अलिखित होता आणि पंथांच्या पुढाऱ्यांमध्ये झालेला होता. सामान्य नागरिक त्यात पक्षकार नव्हता. १९५८ चा संघर्ष आणि १९७५ ते १९९० चे युद्ध यांचे एक मूळ या उणिवेत आहे. हनान अल-शेख यांची ‘झहराची कथा’ (१९८०) ही कादंबरी या मीमांसेला आणखी मागे, घरापर्यंत नेते. झहराच्या घरात पित्याच्या मारहाणीचा धाक युद्धापूर्वीच नांदत असतो. पूर्वार्धात तिचा मामा आणि पती यांनाही निवेदनाचा अधिकार आहे. युद्ध पेटल्यावर मात्र ती एकटीच बोलते. छपून गोळ्या झाडणाऱ्या बंदूकधाऱ्याशी तिने जोडलेला संबंध हाही एक अलिखित करारच होय आणि तोही तिच्या मृत्यूत संपतो. झहराला केवळ राष्ट्राचे रूपक मानणारे वाचन तिचे पक्षकारत्व पुन्हा नाकारते. १९८९ च्या तैफ समझोत्याने पंथांमधील जागांचे प्रमाण बदलले. १९९१ च्या कायद्याने युद्धातील बहुतेक अपराधांना माफी दिली. मे २००८ मध्ये बैरूतच्या रस्त्यांवर पुन्हा शस्त्रे निघाली. करार कोणी मोडला यापेक्षा तो कोणाशी झालाच नव्हता, हा या कादंबरीचा प्रश्न म्हणूनच अधिक मूलगामी ठरतो.