विद्यापीठ गेटवरचे गाणे आणि आपली समीक्षा

दलित साहित्याच्या समीक्षेने कविता तपासली, आत्मकथने तपासली. गाण्यापाशी आली की मात्र 'प्रबोधनाचे प्रभावी माध्यम' एवढे लिहून ती पुढे सरकते. मराठवाड्यात तरी ही टाळाटाळ शोभत नाही. ज्या विद्यापीठातून आमच्या घराण्यांत पहिल्या पदव्या आल्या, त्याच्या दारात नव्वदच्या दशकात जे गायिले गेले ते वाङ्मय नव्हे काय?

नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठ गेटवर माणसे लोटू लागली. पुस्तकांची दुकाने, गटागटांच्या वेगळ्या सभा आणि गायन पार्ट्या. हार्मोनियम, ढोलकी, बँजो, मागे कोरस.

या गाण्यावर सुशिक्षितांचा, आपल्यातल्याही, ठरलेला आक्षेप असतो : चाली सिनेमाच्या. हा आक्षेप मला उथळ वाटतो. चाल आधीच ओठांवर असते म्हणून ऐकणाऱ्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते आणि दुसऱ्या कडव्याला तो स्वतःच कोरस होतो. निरक्षर बाई घरी जाताना ते गाणे घेऊन जाते. आपल्या किती कवितासंग्रहांना हे साधले? सत्यशोधक जलशापासून आंबेडकरी जलशापर्यंत लोकांच्या कानांत असलेली चाल उचलण्याचीच रीत होती. सिनेमा हे नव्या काळाचे लोकगीत झाले, इतकेच.

खरा प्रश्न कॅसेटने निर्माण केला. मंचावरचा गायक आधी शेर म्हणतो, समोरची माणसे पाहून ओळ घोळवतो, एखादे कडवे जागीच बदलतो. (बक्षीस देणाऱ्यांची नावे पुकारताना ऐन रंगात गाणे तुटते, हेही सांगितले पाहिजे.) तासाभराच्या कॅसेटमध्ये, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बाजूंत, ही मोकळीक बसत नाही. माझ्या पिढीने ते दशक बहुतांशी कॅसेटवरच ऐकले. म्हणजे त्यातला वाद गाळून ऐकले.

आशयाचे काय? नामांतराआधी गाण्यात मागणी होती. नंतर विजय आला, आणि विजयाच्या गाण्याला प्रश्न विचारण्याची फारशी गरज भासत नाही. कमानीवर नाव आले. कमानीच्या आत प्राध्यापकांच्या जागा, वसतिगृहे, वेळेवर न मिळणारी शिष्यवृत्ती यांवर गाणे क्वचितच बोलले. गाण्याची ती ताकद नव्हती असे नाही. शाळेत न गेलेल्या वामनदादा कर्डकांनी देशाच्या संपत्तीतला आपला वाटा भांडवलदारांची नावे घेऊन मागितला होता. ११ जुलै १९९७ ला मुंबईत रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेल्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांत जीवन संपवले. त्याच दशकात आपल्या कॅसेटींवर मात्र जयजयकाराची कडवी वाढत होती.

रमाईवरील गाणीही अशीच तपासावी लागतील. त्यांत ती झिजते, उपाशी राहते, गोवऱ्या थापते. ऐकणारे रडतात, आणि ते रडणे खरे असते. पण तिने काय ठरवले, काय नाकारले, घराचा गाडा कोणत्या शहाणपणाने हाकला, हे त्या गाण्यांत फारसे सापडत नाही. अनेकदा गाणारी बाई असते, शब्द पुरुषाचे असतात.