‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. आपल्या व्याख्यानांतून या अर्पणपत्रिकेचा उल्लेख होतो तो बहुधा अमेरिकेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून. हे वाचन अपुरे आहे.

पुढचा इतिहास पाहा. १८७७ साली केंद्राने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे लष्करी संरक्षण काढून घेतले आणि त्यांचा मताधिकार हळूहळू कागदापुरता उरला. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणत शिवाशिवीला कायद्याचे कवच दिले. कारखाने आणि रेल्वे वाढत होत्या. मक्तेदारी, लाचखोरी व दारू यांविरुद्ध सुधारणेच्या चळवळीही जोरात होत्या. त्याच काळात, १८८७ साली, डॉज कायदा झाला. मूळ रहिवाशांचे ‘मित्र’ म्हणवणाऱ्या सुधारकांनीच तो उचलून धरला. सामूहिक जमिनीचे तुकडे पाडून कुटुंबांना दिले, ‘उरलेली’ जमीन गोऱ्यांना खुली केली. सुमारे १३.८ कोटी एकर जमीन १९३४ पर्यंत ४.८ कोटी एकरांवर आली. १८९८ साली हीच भूक फिलिपिन्सपर्यंत पोचली. तेथेही भाषा उद्धाराचीच होती. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला पोचले, त्याच वर्षी सुधारकी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांतून कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसविणे सुरू झाले.

म्हणजे जोतीराव फसले काय? मुळीच नाही. त्यांनी गौरव केला तो एका कृतीचा, साऱ्या राष्ट्राच्या भविष्याचा नव्हे. शिवाय त्याच अर्पणपत्रिकेत, आपल्या देशबांधवांनी हा कित्ता शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा, अशी अपेक्षा आहे. ती येथील उच्चवर्णीय सुधारकांसमोर ठेवलेली कसोटी आहे. समीक्षकांनी गौरव उचलला आणि कसोटी बाजूला ठेवली.

बदनापूर-जालन्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. लगोलग मराठवाड्यातील दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ठराव आणि वस्ती यांच्यातले हे अंतर कोणी मोजायचे?

ज्यांच्यासाठी सुधारणा, त्यांच्या हाती तिचा कारभार किती, हा प्रश्न घेऊन ‘गुलामगिरी’ पुन्हा वाचावी. आपल्या अभ्यासवर्गांनी सुरुवात अर्पणपत्रिकेपासूनच करावी.