कोंढाणे येथील 'कतं'

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंढाणे येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लेख आहे : 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं', कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. यावरून बलकास अवघ्या लेण्याचा शिल्पी ठरविण्याकडे कल दिसतो. तो तपासणे अगत्याचे आहे.

'अंतेवासी' हा शब्द भिक्षूच्या शिष्यास लागतो, तसाच गुरुगृही राहून कारागिरी शिकणाऱ्यासही. याज्ञवल्क्यस्मृतीत तो या दुसऱ्या अर्थी आला आहे. येथे 'भिखु', 'थेर' अशी उपाधी नाही. लेण्यांतील लेखांत नित्य आढळणारे 'दानं'ही नाही. तेव्हा बलक दाता नसून कर्ता होय, हे मान्य. परंतु 'कतं' या कृदन्ताचे कर्म अनुक्त आहे. 'लेण' व 'रूप' ही दोन्ही नामे नपुंसकलिंगी असल्याने लिंगावरून निर्णय होत नाही. लेखाचे स्थान मात्र मूर्तीचाच पक्ष घेते. पितळखोऱ्याच्या यक्षावर नाव असलेला सुवर्णकार कण्हदास हाच बलकाचा गुरू, हे मतही मुख्यतः नामसादृश्यावर उभे आहे.

दात्यांच्या नामावळीने भरलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांत प्रत्यक्ष करणाऱ्या एका शिष्याचे नाव उरले, हेच या चार शब्दांचे मोल. त्यांवर याहून अधिक भार घालणे युक्त नव्हे.